वाचकांचे प्रश्न : काळ्या चौकोनाखालचे नाव

प्रश्न : मी क्ष-किरणशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. परिषदेसाठी मेंदूच्या सीटी स्कॅनची एक केस तयार केली. विभागातल्या मॉनिटरवर पक्षाघाताची सुरुवातीची खूण मला नीट दिसत होती. पण तीच प्रतिमा काढून स्लाइडवर लावली, तेव्हा मेंदूच्या दोन्ही बाजू सारख्याच करड्या दिसल्या. ब्राइटनेस वाढवूनही उपयोग झाला नाही. दोष प्रोजेक्टरचा मानावा का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : प्रोजेक्टर बहुधा निर्दोष आहे. प्रतिमा डायकॉममधून (वैद्यकीय प्रतिमा साठवण्याच्या प्रमाणित फाइल-स्वरूपातून) बाहेर काढली त्याच क्षणी खूण हरवली असावी. सीटीच्या एका छेदात साधारणतः 512 × 512 बिंदू असतात आणि प्रत्येक बिंदूला 4096 पैकी एक मूल्य, म्हणजे उणे 1024 पासून 3071 हाउन्सफील्डपर्यंतचे (हे सीटीतले घनतेचे एकक) कोणतेही, मिळू शकते. स्लाइडवर लावायच्या नेहमीच्या प्रतिमेत मात्र करड्या रंगाच्या 256 छटाच मावतात. सगळा पल्ला या 256 छटांत बसवला, तर सोळा-सोळा हाउन्सफील्ड एकाच छटेत जातात. मेंदूच्या करड्या आणि पांढऱ्या भागांतला फरक मुळात दहाच्या आसपास असतो आणि पक्षाघाताच्या पहिल्या तासांत नेमका तोच फरक पुसट होत जातो. तो दाखवायचा, तर प्रतिमा काढण्याआधी विंडो, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांत पसरायचा मूल्यांचा पट्टा, ठरवावी लागते : केंद्र 40 आणि रुंदी 80, किंवा त्याहूनही अरुंद. रुंदी 80 ठेवली की प्रत्येक हाउन्सफील्डच्या वाट्याला तीन छटा येतात. स्लाइडवर आल्यानंतर ब्राइटनेस कितीही वाढवला, तरी एकदा एकत्र मिसळलेल्या छटा पुन्हा वेगळ्या होत नाहीत.

छातीच्या सीटीत हीच अडचण उलट बाजूने येते. केंद्र 40 आणि रुंदी 400 ठेवून काढलेल्या चित्रात फुप्फुस निव्वळ काळे दिसते, त्यामुळे तोच छेद केंद्र उणे 600 आणि रुंदी 1500 या विंडोवर पुन्हा काढून शेजारी ठेवावा. फाइल पीएनजीमध्ये साठवावी, कारण जेपेग चित्राचे 8 × 8 बिंदूंचे तुकडे पाडून ते दाबते आणि बारीक कॅल्सिफिकेशनच्या (कॅल्शियमच्या कणांच्या) कडेला नसलेली धूसर वलये उमटतात. एवढे सगळे सांभाळून ती फाइल सहकाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फोटो’ म्हणून पाठवली की मेहनत पाण्यात गेली. पाठवायचीच असेल, तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

प्रश्न : सोनोग्राफीच्या प्रतिमांचे डायकॉम हेडर (फाइलमध्ये चित्रासोबत असलेली रुग्णाची नोंद) मी सॉफ्टवेअरने निनावी करतो आणि चित्रावर दिसणाऱ्या नावावर पॉवरपॉइंटमध्ये काळा चौकोन ठेवतो. विद्यार्थ्यांना स्लाइडची फाइल द्यायची आहे. एवढी काळजी पुरेशी आहे का? (एक अध्यापक, कोल्हापूर)

उत्तर : पुरेशी नाही. एक प्रयोग करून पाहा. आपल्या फाइलची एक प्रत घ्या, तिच्या नावातले शेवटचे ‘पीपीटीएक्स’ काढून तिथे ‘झिप’ लिहा आणि ती उघडा. आत ‘मीडिया’ नावाच्या फोल्डरमध्ये आपली सगळी चित्रे मूळ रूपात, रुग्णाच्या नावासकट, पडलेली दिसतील. चौकोन चित्राच्या वर ठेवलेला असतो, चित्रात मिसळलेला नसतो. ज्याच्या हाती फाइल जाते, तो माउसने एक खेच देऊन तो बाजूला सारू शकतो. क्रॉप केलेला भागही फक्त झाकला जातो. ‘रीसेट पिक्चर अँड साइज’ दाबले की तो परत येतो, जोपर्यंत ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये जाऊन कापलेले भाग काढून टाकण्याचा पर्याय निवडलेला नसतो.

हेडर आणि चित्र या दोन वेगळ्या जागा आहेत, हे सोनोग्राफीत विशेष ध्यानात ठेवावे लागते. नाव, वय, तारीख, रुग्णालयाचे नाव यंत्र थेट चित्राच्या बिंदूंतच छापते. हेडर स्वच्छ केल्याने त्याला धक्काही लागत नाही. म्हणून ती वरची पट्टी इमेजजेसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कापून टाकावी, चित्र नव्या फाइलमध्ये साठवावे आणि तेच स्लाइडवर आणावे. फाइलच्या नावाकडेही पाहावे. आडनाव आणि नोंदणी क्रमांक असलेली कितीतरी फाइल-नावे मी विद्यार्थ्यांच्या पेनड्राइव्हवर पाहिली आहेत.

रुग्णाच्या छायाचित्रांत डोळ्यांवर पट्टी ओढण्याची जुनी पद्धत आता आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकांचे संपादकही अपुरी मानतात. आपल्याकडे तर हातावर गोंदलेले असते, बरेचदा चक्क स्वतःचे किंवा नवऱ्याचे नाव. त्वचारोगाच्या एका स्लाइडवर चेहरा काळजीपूर्वक कापला होता आणि मनगटाच्या वर देवनागरीत पूर्ण नाव वाचता येत होते. सभागृहात ते सर्वांनी वाचले. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचे छायाचित्र त्याच्या परवानगीविना नियतकालिकात छापता येत नाही. वर्गात दाखवतानाही आपण तोच दंडक पाळावा आणि संमती लेखी घ्यावी, असे मला वाटते, कारण स्लाइड वर्गातच राहील याची खात्री कोणीही देऊ शकत नाही.

प्रश्न : दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेची चित्रफीत माझ्या लॅपटॉपवर चालत होती, परिषदेच्या संगणकावर मात्र काळी चौकट दिसली. (एक स्त्रीरोगतज्ज्ञ, सांगली)

उत्तर : शक्यता दोन आहेत. जुन्या पद्धतीच्या सादरीकरणात चित्रफीत आत नसते, तिचा फक्त पत्ता असतो. त्यामुळे ती लॅपटॉपवरच राहून गेली असेल. किंवा आपल्या रेकॉर्डरने ती ज्या कोडेकमध्ये (चित्रफीत दाबून साठवण्याच्या पद्धतीत) साठवली, तो तिथल्या संगणकावर नसेल. हँडब्रेकसारख्या मोफत साधनाने ती एमपी4 आणि एच.264 मध्ये रूपांतरित करून मग स्लाइडमध्ये घाला. हलणाऱ्या उपकरणाच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसत असतील, तर त्याच वेळी ‘डीइंटरलेस’ निवडा. फ्रेमचा वेग मात्र कमी करू नका : इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, चित्रफितीत तो पंधरावर आणला की हृदयाची झडप उघडताना न दिसता उडी मारताना दिसते.

आवाज काढून टाका. शस्त्रक्रियागृहातल्या बोलण्यात रुग्णाचे नाव सहज येते आणि पुढच्या रांगेला ते ऐकूही जाते. सुरुवातीच्या फ्रेमवर नाव उमटत असेल, तर तो भाग चित्रफीत संपादित करतानाच कापा. स्लाइडमध्ये फक्त ‘ट्रिम’ केले, तर तो आतच राहतो. तीन मिनिटांच्या चित्रफितीपेक्षा गर्भाशयाची धमनी ओळखण्याचे चाळीस सेकंद विद्यार्थ्यांना अधिक शिकवतात.

प्रश्न : आमच्याकडे जुन्या एक्स-रे फिल्मच आहेत. मोबाइलने फोटो काढले तर चालतील का? (एक अस्थिरोगतज्ज्ञ, परळी)

उत्तर : चालतील. खोलीतले दिवे बंद करा, फ्लॅश बंद ठेवा, व्ह्यू बॉक्सचा (फिल्म लावून पाहायच्या प्रकाशपेटीचा) उघडा राहिलेला भाग काळ्या कार्डशीटने झाका आणि मोबाइल फिल्मला समांतर धरा. डाव्या-उजव्या बाजूची खूण फोटोत येऊ द्या. कोपऱ्यातल्या नावावरही फोटो काढण्याआधीच त्या कार्डशीटचा तुकडा ठेवा. तिथे मात्र काळा चौकोन पुरतो.