वाहन-विचारणा : सकाळी बसलेली गाडी आणि वर चढलेलं ऑइल

वडोदऱ्याच्या वाचकांकडून जुन्या लक्झरी एसयूव्हींबद्दल आलेली पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रांतली गाड्यांच्या कंपन्यांची नावं गाळली आहेत. तशीही दुखणी सगळ्यांची बरीचशी सारखीच असतात.

नऊ वर्षांपूर्वी ऐंशी लाखांना घेतलेली डिझेल एसयूव्ही अठरा लाखांत मिळते आहे. रनिंग 92,000. घरचे म्हणतात, तेवढ्यात नवी कोरी गाडी येईल. काय करावं?
*एक वाचक, मांजलपूर*

घरचे चुकत नाहीत, तुम्हीही चुकत नाही. दार लावताना येणारा तो जाड ‘धप्प’ आवाज, दुहेरी काचा, शंभरच्या वेगात आठव्या गिअरला जेमतेम दीड हजार फेऱ्यांवर चालणारं इंजिन! अहमदाबाद एक्स्प्रेसवेला लागलं की आणंद यायच्या आत मागची मंडळी झोपलेली असतात. अठरा लाखांच्या नव्या गाडीत हे सुख मिळत नाही.

पण किंमत उतरते ती गाडीची, सुट्या भागांची नाही. हेडलॅम्प, कंट्रोल आर्म, इंजेक्टर यांना तुम्ही गाडी कितीला घेतली हे ठाऊक नसतं. खरेदीच्या पंधरा टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळी ठेवता येत असेल तरच पुढे जा. अठरा जमवतानाच दमछाक होत असेल तर सरळ नाही म्हणा.

बघायला जाल तेव्हा गाडी आधी सुरू करून ठेवू नका, असं विकणाऱ्याला बजावा आणि पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. थंड इंजिन सुरू होताना पहिले तीन-चार सेकंद इंजिनातली साखळी (टायमिंग चेन) खडखडली तर किंमत पुन्हा बोला. बीएमडब्ल्यूच्या एन 47 या दोन लिटर डिझेलसारख्या काही इंजिनांत टायमिंग चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला असते. तिथे पोचण्यासाठीच इतकं काही उतरवावं लागतं की चेनपेक्षा मजुरी महाग पडते. स्कॅनर लावून फक्त इंजिन पाहू नका, सगळी मॉड्यूल, म्हणजे गाडीतली छोटी इलेक्ट्रॉनिक नियंत्रक यंत्रं, वाचून घ्या. आणि नऊ वर्षं झालेल्या गाडीच्या आरसीची पंधरातली सहाच उरली आहेत, हेही हिशेबात धरा.

रात्री नीट उभी केलेली गाडी सकाळी मागून डावीकडे बसलेली असते. सुरू केली की मिनिटभरात वर येते. गॅरेजवाले चारही एअर बेलो (स्प्रिंगऐवजी बसवलेल्या हवेच्या रबरी पिशव्या) आणि त्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर एकदम बदलायला सांगतात. एवढं सगळं लागेल?
*एक वाचक, गोत्री*

बसतो एकच कोपरा, मग बाकीच्या तिघांचा गुन्हा काय? गळती कुठे आहे ते न शोधताच दिलेला हा सल्ला आहे.

संध्याकाळी गाडी सपाट जागी लावा. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपनं मोजा आणि मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. सकाळी दार न उघडता पुन्हा मोजा, कारण दार उघडताच काही गाड्यांची यंत्रणा जागी होऊन उंची सावरायला लागते. रात्रीच्या गारव्यानं हवा आकसते. त्यामुळे चारही कोपरे काही मिलिमीटर उतरले असतील तर ते सोडून द्या. एकच कोपरा तीस-चाळीस मिलिमीटर खाली गेला असेल तर संशयित तीनच: त्या कोपऱ्याचा बेलो, त्याच्या डोक्यावरचा नळीचा जोड, किंवा व्हॉल्व्ह ब्लॉकमधला, म्हणजे चारही बेलोंना हवा वाटून देणाऱ्या ठोकळ्यातला, त्याच्या वाट्याचा व्हॉल्व्ह.

यात एक मेख आहे. लँड रोव्हर डिस्कव्हरी 3 आणि 4 सारख्या गाड्या उभ्या असतानाही अधूनमधून जाग्या होतात आणि सगळ्यांत खाली गेलेल्या कोपऱ्याशी बाकीचे तिन्ही जुळवून घेतात. सकाळी अख्खी गाडी बसलेली दिसते आणि चार बेलोंचं बिल फाटतं. अशा गाडीत मोजणीच्या रात्रीपुरता सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवावा.

मग साबणाची परीक्षा. बेलोच्या घडीतला चिखल आधी धुऊन काढा. लिटरभर पाण्यात तीन-चार चमचे भांडी घासायचं लिक्विड मिसळून स्प्रेच्या बाटलीत भरा. गाडी सगळ्यांत उंच मोडवर नेऊन बंद करा. बेलोचं रबर खाली पिस्टनवर दुमडलेलं असतं आणि भेगा पडतात त्या याच घडीत. नेहमीच्या उंचीला त्या झाकलेल्या राहतात. फवारल्यावर मोठे बुडबुडे येतील अशी वाट बघू नका. दोन-तीन मिनिटांनी रव्यासारख्या बारीक फेसाची पांढरी रेघ उमटते, तीच गळती. रबर स्वच्छ निघालं तर जोडावर फवारा. तिथेही काही नसेल तर व्हॉल्व्ह ब्लॉकवर. हे करताना नुसत्या हवेवर उभ्या गाडीखाली डोकं घालू नका. बेलो सुटला तर दोन टनांचा डोलारा क्षणात खाली येतो. जॅक मोड (गाडीची उंची आपोआप बदलणं थांबवणारी सोय) लावा आणि खाली स्टँड द्या.

कॉम्प्रेसरचं काय? तो बहुधा मूळ रोगी नसतो, दुसऱ्याच्या आजारानं खंगलेला असतो. त्याचा पिस्टन तेलाशिवाय चालतो आणि तो थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला आहे. बेलो गळायला लागला की तो दिवसभर पुन्हा पुन्हा धावतो, तापतो, रिंग झिजते. शिवाय त्याच्याजवळ हवा कोरडी करणारी दाण्यांची डबी असते. गाडी खाली उतरताना सोडलेली हवा तिच्यातून उलटी जाते आणि जाताना दाण्यांतली ओल घेऊन जाते. हवा बेलोतूनच निसटत असेल तर ही सुकवणी होत नाही, दाणे ओले राहतात, पुढे त्यांची भुकटी होऊन व्हॉल्व्ह अडकतात. एक भेग चार-सहा महिने तशीच चालवली की खर्च असा ब्लॉकपर्यंत पोचतो.

तेव्हा क्रम असा ठेवा. मागचे दोन्ही बेलो बदला, कारण एक गेला म्हणजे त्याच वयाचं दुसरं रबर रांगेतच असतं. पुढच्यांना हात लावू नका. डबीतले दाणे बदला. कॉम्प्रेसरचा रिले, म्हणजे त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच, तोही नवा घ्या. त्याचे पॉइंट चिकटले तर गाडी बंद केल्यावरही कॉम्प्रेसर चालत राहून जळतो, आणि रिले हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त भाग आहे. एवढं झाल्यावर गाडी खालून वर चढायला रखडत असेल तरच कॉम्प्रेसर बदला. शेवटी स्कॅनरनं उंचीचं कॅलिब्रेशन आणि मग अलाइनमेंट, याच क्रमानं. उलट केलं तर अलाइनमेंटचे पैसे पाण्यात.

हवा काढून साध्या कॉइल स्प्रिंग बसवून देणारेही भेटतील. खर्च वाचतो हे खरं, पण ज्या चालीसाठी गाडी घेतली तीच जाते आणि डॅशबोर्डवर दिवा पेटतो तो वेगळाच.

अलकापुरीत मुलांची शाळा आणि ऑफिस, एवढंच चालवणं. ऑइल कमी होण्याऐवजी वाढतंय, खूण ओलांडून वर गेलंय. आणि डीपीएफचा दिवा लागतो.
*एक वाचक, अकोटा*

वाढलेलं ते ऑइल नाही, डिझेल आहे. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी, भरली की इंजिन जास्तीचं डिझेल सोडून एक्झॉस्ट तापवतं आणि काजळी जाळतं. या कामाला सलग पंधरा-वीस मिनिटं लागतात. तुमची गाडी दहाव्या मिनिटाला शाळेच्या फाटकाशी बंद होते. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. पातळ झालेलं ऑइल टर्बोच्या बेअरिंगला पुरेसं आवरण देत नाही, म्हणून हे अंगावर काढू नका.

आधी ऑइल आणि फिल्टर बदला. बाटलीवर तुमच्या कंपनीची नेमकी मान्यता हवी: बीएमडब्ल्यूसाठी लाँगलाइफ-04, मर्सिडीजसाठी 229.51, ऑडी-फोक्सवॅगनसाठी 507.00. दुसऱ्या ऑइलची राख जाळीत साठते आणि ती जळत नाही. मग पाव टाकीपेक्षा जास्त डिझेल ठेवून दुमाड चोकडीहून एक्स्प्रेसवे धरा आणि अर्धा तास दोन हजार फेऱ्यांच्या आसपास एकसारखी चालवा. गिअर हातानं एक-दोन खाली ठेवावा लागेल.

दिवा तरीही आला तर जाळी बदलण्याआधी थर्मोस्टॅट तपासा. तो उघडाच अडकला तर इंजिन पूर्ण तापत नाही आणि काजळी जाळायचं काम सुरूच होत नाही. प्रेशर सेन्सरच्या रबरी नळ्याही बघा, त्या चिरतात. जाळी कापून सॉफ्टवेअरनं दिवा विझवणारे शोधू नका, ते बेकायदा आहे. रोजचं चालवणं असंच राहणार असेल तर पुढची गाडी पेट्रोल घ्या.

पुराच्या पाण्यातली गाडी कशी ओळखायची? दलाल तर सगळ्याच गाड्या ‘कोरड्या’ असल्याचं सांगतो.
*एक वाचक, दांडिया बाजार*

विश्वामित्री नदीचं पाणी 2019 च्या जुलैअखेर शहरात शिरलं, पुन्हा 2024 च्या ऑगस्टअखेर. पॉलिश केलेली सीट काही सांगत नाही, सीटबेल्ट सांगतो. तो शेवटपर्यंत ओढा. ज्या टोकाला कुणाचा हात जात नाही तिथे गाळाची रेघ उरते. सीटच्या रुळांचे बोल्ट, गालिच्याखालचा फोम, स्टेपनीचा खळगा, टेललॅम्पच्या आतला तळ, सगळीकडे टॉर्च मारा. फोम कोरडा असला तरी त्याचा वास जात नाही, आणि अत्तराचा घमघमाट आला तर जास्तच वाका.

या गाड्यांत धोका मोठा, कारण महागडी मॉड्यूल सीटखाली आणि डिकीच्या कडेला, म्हणजे पाण्याच्या वाटेतच बसवलेली असतात. बऱ्याच मॉडेलांत स्क्रीन, अँप्लिफायर वगैरे फायबरच्या एका कड्यात जोडलेले असतात. त्यातला एक मेला की कडं तुटतं आणि सगळेच मुके होतात. डिफरन्शियलमध्ये, म्हणजे चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यात, पाणी त्याच्या हवा सोडणाऱ्या नळीतून शिरतं, म्हणून ऑइलचे चार थेंब काढून बघा. दुधाळ निघालं तर तिथूनच परत फिरा. विमा कंपनीकडचा क्लेमचा इतिहास विकणाऱ्याकडूनच मागा.

आठ गिअरची झेडएफ ऑटोमॅटिक आहे, थांबताना हलका धक्का बसतो. ऑइल ‘लाइफटाइम’, म्हणजे कधीच बदलायचं नाही, असं म्हणतात. खरं का?
*एक वाचक, रावपुरा*

गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा आठ वर्षांत ऑइल बदलायला सांगते. यात फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, म्हणून पॅन आणि बोल्ट नवे घ्या. काढल्यावर सगळं ऑइल निघत नाही, काही कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या भागात) राहतं. त्याला हरकत नाही. मात्र पातळी इंजिन चालू ठेवून, सगळे गिअर फिरवून, ऑइल साधारण 40 अंशांवर असताना भरायच्या भोकातून थेंब गळेपर्यंत पाहायची. तापमान स्कॅनरवर न बघता ऑइल भरणाऱ्याकडे हे काम देऊ नका.

गाडीच्या चारही चाकांना ड्राइव्ह आहे. पुढचे दोन टायर गेले, मागचे अर्धे शिल्लक. दोनच घेतले तर चालतील?
*एक वाचक, कारेलीबाग*

नाही. नवा टायर 8 मिलिमीटर, मागचा 4, म्हणजे व्यासात 8 मिलिमीटरचा फरक. साडेसातशे मिलिमीटरच्या चाकाला तो दर किलोमीटरला दहा-अकरा मीटर पडतो. तेवढं घसरणं ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या भागाचा) क्लच सहन करतो, तापतो आणि झिजतो. चारही एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे घ्या. टायरच्या कडेवर तुमच्या गाडीची खूण बघा: बीएमडब्ल्यूला चांदणी, मर्सिडीजला एमओ, ऑडीला एओ, पोर्शेला एन. मागचे अर्धे झिजलेले दोन टाकून देऊ नका, त्यातला बरा स्टेपनीला ठेवा.