सांगलीत नदीकाठच्या भागात दुमजली घर घेतलंय, खाली भाडेकरू आहेत. पुरासाठी आधीच काय ठरवून ठेवावं?

टॉर्च, बिस्किटं, औषधं यांची यादी कुठेही मिळेल. घरमालकाने आधी एक आकडा शोधायचा: कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाण्याची पातळी किती फूट झाली की आपल्या उंबऱ्याला पाणी लागतं. इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. पण हे शहराचे आकडे झाले, तुमच्या गल्लीचे नव्हेत. सूर्यवंशी प्लॉटकडे 40 व्हायच्या आधीच लोक सामान हलवायला लागतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांपुढे गेलं, तेव्हा तुमच्या भिंतीला कुठवर लागलं होतं हे शेजारच्या आजोबांना विचारा. जुन्या मालकाला विचारू नका, तो ‘गुडघाभर’च सांगणार!

त्या आकड्याच्या चार-पाच फूट आधीच कामाला लागायचं. गाडी सगळ्यात आधी हलवा, कारण उंचावरच्या जागा लगेच भरतात. मग बोअरची मोटर, इन्व्हर्टरची बॅटरी, फ्रीज वर. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावा आणि सिलिंडर वर न्या. नेता आला नाही तर खिडकीच्या गजाला बांधा, पाण्यात तो तरंगतो. घर सोडताना मेन स्विच बंद. पाणी आत आल्यावर मात्र बोर्डाला हात लावायचा नाही, महावितरणला 1912 वर कळवायचं.

पाणी दारातूनच येतं असं नाही. तळमजल्याच्या संडासातून आणि मोरीतून ते आधी उलटं येतं, म्हणून कमोडमध्ये आणि जाळीवर वाळूची पिशवी दाबून ठेवा. पूर ओसरल्यावर जमिनीखालची टाकी पूर्ण उपसून, ब्लीचिंग पावडरने धुतल्याशिवाय तिचं पाणी वापरू नका.

खरेदीखत आणि घरपट्टीच्या पावत्या प्लॅस्टिकमध्ये बांधून माळ्यावर. प्रत्येक खोलीचे फोटो आत्ताच काढून नातेवाईकांना पाठवून ठेवा, पंचनाम्याला उपयोगी पडतात.

विमा जूनच्या आधी घ्या. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत पूर येतो, आणि घराच्या विमा रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, घरातलं सामानही आपोआप धरलं जातं. पण ते तुमचं सामान, भाडेकरूंचं नव्हे. त्यांना हे आत्ताच स्पष्ट सांगा, आणि वरच्या मजल्याची एक किल्ली त्यांच्याकडे द्या. तुम्ही गावाला असताना पाणी चढलं तर सामान वर टाकणारे तेच असतील.