ग्रेट एपच्या (चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान अशा मोठ्या बिनशेपटीच्या वानरांच्या) कवटीची प्रतिकृती घ्यायची तर आधी कोणती?

सांगलीत प्राणिशास्त्र शिकवताय आणि बजेट एकाच कवटीचं आहे, तर डोळे झाकून चिंपांझी घ्या. नर गोरिला दिसायला भारी. डोक्यावर मधोमध हाडाची उभी कड असते, तिला सॅजिटल क्रेस्ट म्हणतात. जबड्याचे दांडगे स्नायू तिथे चिकटतात. पण ती बघून पोरं फोटो काढतात आणि निघून जातात!

चिंपांझीची कवटी माणसाच्या कवटीशेजारी उलटी ठेवा. मज्जारज्जू जिथून बाहेर पडतो ते भोक, फोरामेन मॅग्नम, माणसात तळाच्या जवळपास मधोमध असतं, चिंपांझीत बरंच मागे सरकलेलं. भोक मधोमध असलं की डोकं ताठ मणक्यावर तोललं जातं, म्हणून दोन पायांवर चालण्याचा अख्खा धडा तिथे बोट ठेवून शिकवता येतो. मग दात मोजा: दोघांचेही 32. फरक सुळ्यांत, आणि वरच्या सुळ्यापुढच्या फटीत. मेंदूची पोकळी चिंपांझीत साधारण 400 घनसेंमी, आपली 1350 च्या आसपास.

ओरांगउटान नंतर घ्या. डोळ्यांच्या खोबणी उभट आणि जवळजवळ, चेहरा बशीसारखा खोलगट, लगेच ओळखू येतो.

रेझिनची घ्या, पण साचा खऱ्या कवटीवरून काढलाय का ते विचारा आणि तळाचा फोटो मागवा. स्वस्त मालात खालची भोकं बुजलेली असतात. खऱ्या कवटीच्या मागे लागू नका, सगळे ग्रेट एप सायटीसच्या (धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक निर्बंधांच्या परिशिष्टात आहेत.