पत्रकार व्हायचंय ना? मग अर्थशास्त्र सोडू नका

कराडहून एका पालकांचं पत्र आलं आहे. ते पतसंस्थेत लेखापाल आहेत, मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र शिकते. आता तिला ते सोडून पत्रकारितेच्या पदवीला प्रवेश घ्यायचा आहे. वडील लिहितात, "पैसे देऊन बातम्या छापून येतात, पगार तुटपुंजा, वर पुढाऱ्यांशी वैर. तिचं मन कसं वळवू?"

सप्रेम नमस्कार,

पत्रकारितेवरून तिचं मन वळवू नका. अर्थशास्त्र मात्र तिने सोडता कामा नये आणि त्यासाठी तिच्याशी जरूर बोला.

तुम्ही कराडचे, म्हणून 1992 ची गोष्ट काढतो. त्या वर्षी 23 एप्रिलला 'टाइम्स ऑफ इंडिया'त सुचेता दलाल यांची बातमी आली. स्टेट बँकेच्या सरकारी रोख्यांच्या, म्हणजे सरकार कर्ज उभारताना देतं त्या कागदांच्या व्यवहारांत सुमारे 500 कोटींचा मेळ लागत नव्हता आणि बोट शेअर बाजारातल्या एका बड्या दलालाकडे जात होतं. तो हर्षद मेहता. त्या काळी बँका सरकारी रोखे विकताना प्रत्यक्ष रोख्यांऐवजी पावती द्यायच्या, तिला बँक रिसीट म्हणत. मेहतासारखा शेअर दलाल दोन बँकांच्या मध्ये उभा राहायचा आणि तो पैसा शेअर बाजारात फिरवायचा. काही पावत्यांच्या मागे रोखेच नव्हते. अशा पावत्या देणाऱ्यांत बँक ऑफ कराड होती. ती बुडाली, हे तुमच्या गावाला वेगळं सांगायला नको. बातमीनंतर रिझर्व्ह बँकेने चौकशीसाठी जानकीरामन समिती नेमली, पुढे संयुक्त संसदीय समिती बसली.

सुचेता दलाल सांख्यिकी आणि कायदा शिकलेल्या. रोखे म्हणजे काय, पावती म्हणजे काय हे कळत नसेल, तर समोर आलेली माहितीसुद्धा बातमी वाटत नाही. मंत्र्यापुढे माईक धरणं महिनाभरात शिकता येतं. त्याने दिलेला आकडा अर्थसंकल्पातल्या आकड्याशी जुळतो का, हे त्याच संध्याकाळी तपासायला विषय लागतो. जिल्ह्याच्या पत्रकारितेत नेमकी हीच माणसं कमी आहेत. जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प, कारखान्याचा ताळेबंद, सरकारी खर्च तपासणाऱ्या 'कॅग'चा अहवाल वाचणारे किती सापडतात? लोक मत देतात, कर भरतात, ठेवी ठेवतात. त्यांच्या पैशाचं काय झालं हे त्यांना समजेल अशा मराठीत सांगणारं कुणी हवं. तुमची मुलगी ते करू शकेल, म्हणून मी आग्रहाने लिहितो आहे.

पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात हा प्रकार उघड्यावर आला. एकच मजकूर वेगवेगळ्या वृत्तपत्रांत बातमी म्हणून छापून आला होता. तो शोधून काढला पी. साईनाथ यांनी, म्हणजे पत्रकारानेच. धोकाही खरा आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये रिफायनरीविरोधात लिहिणारे राजापूरचे शशिकांत वारिशे यांना गाडीने चिरडण्यात आलं. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध आपल्या राज्याने 2017 मध्ये कायदा केला आहे, पण एकट्या-दुकट्या वार्ताहराला त्याचा आधार पुरत नाही. म्हणून सुरुवात अशा ठिकाणी करावी, जिथे मागे संपादक आणि संस्था उभी राहते.

पगाराचं म्हणाल, तर पहिली काही वर्षं ओढाताण होईल. तालुक्याच्या ठिकाणी बातमीदाराला जाहिराती गोळा करायला लावतात. अशी नोकरी तिने घेऊ नये. ज्याची जाहिरात आणायची त्याचीच बातमी कशी लिहिणार? अर्थशास्त्राची पदवी असेल तर व्यापारविषयक वृत्तपत्रं, संशोधन संस्था हे मार्गही उघडे राहतात.

तर बी.ए. अर्थशास्त्र पूर्ण करावं, मग पदव्युत्तर पत्रकारिता. पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट आहे, भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रातही मराठी पत्रकारिता शिकवतात. दोन्हीकडच्या प्रवेशाच्या तारखा आत्तापासून बघून ठेवा. इंग्रजी वाचन वाढवायला सांगा, सरकारी कागद बरेचसे इंग्रजीतच असतात.

तोवर एक काम तिला द्या. 'ई-ग्रामस्वराज' या सरकारी संकेतस्थळावर ग्रामपंचायतीच्या कामांचा आराखडा आणि खर्च बघता येतो. तिने एक गाव निवडावं, एक काम निवडावं आणि ते जागेवर जाऊन बघावं. कागदावर गटार असेल तर गटार दिसलं पाहिजे. नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करावा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. मग सरपंच, ग्रामसेवक, गावकरी सगळ्यांना विचारून 400 शब्दांत लिहावं. हे करताना कंटाळा आला, तर क्षेत्राबद्दल पुन्हा विचार करता येईल. तहान-भूक विसरली, तर तुम्ही अडवू नका.

ताळेबंद वाचायला तिला तुम्हीच शिकवा. थकबाकी कशी लपते, कर्ज फिरवून नवं कसं दाखवतात, लेखापरीक्षणाच्या अहवालात कुठल्या पानावर आधी नजर टाकायची, हे एखाद्या रविवारी पतसंस्थेचा छापील वार्षिक अहवाल समोर ठेवून समजावून सांगा. ती जे लिहील ते मला पाठवा, मी वाचून कळवतो.