साथीच्या गावात पहिल्यांदा जाताना

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठकडच्या एखाद्या पाड्यावर पटकीची (कॉलराची) शंका आली, तर लॅपटॉप गाडीतच ठेव. आधी गावातलं आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना गाठ. लग्न कुणाकडे होतं, कोणती विहीर आटली, सगळं त्यांना ठाऊक असतं.

मग रुग्णयादी. जुलाब सुरू झाल्याची तारीख लिही, दवाखान्यात दाखल झाल्याची नव्हे. तिथे चुकलीस तर साथीचा आलेखच सरकतो. लागणीनंतर लक्षणं काही तासांपासून 5 दिवसांपर्यंत कधीही दिसतात, म्हणून तेवढ्या दिवसांचं पाणी-जेवण विचार. आणि धडधाकट शेजाऱ्यांनाही तेच प्रश्न विचार! हे बहुतेकजण टाळतात, पण तुलनेशिवाय विहिरीवर बोट ठेवता येत नाही. 1854 मध्ये डॉक्टर जॉन स्नोने पटकी पसरवणारा लंडनचा ब्रॉड स्ट्रीट पंप अशाच घरोघरच्या चौकशीतून हेरला.

शौचाचा नमुना प्रतिजैविकाआधी घे, कॅरी-ब्लेअरमध्ये (नमुना प्रयोगशाळेपर्यंत टिकवणाऱ्या माध्यमात) ठेव, फ्रिजमध्ये नको. ओआरएस मात्र नमुन्यासाठी क्षणभरही थांबवू नकोस. ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का याची तपासणी, टाकीपाशी करून भागत नाही, शेवटच्या नळालाही कर.

कुंभमेळ्यात रामकुंडावर आलेला यात्रेकरू आजारी पडतो तो बहुधा घरी परतल्यावर. म्हणून मेळ्यात प्रत्येक रुग्णाचा गाव, तालुका, मोबाइल पूर्ण लिहून घे आणि त्याच्या जिल्ह्याला त्याच दिवशी कळव.