यूट्यूबवर सगळं फुकट मिळत असताना आवडत्या गायिकेला तिकीट काढून लाइव्ह ऐकायला का जावं?

तू लिहिलंयस की तुझ्या आवडत्या शास्त्रीय गायिकेचा कार्यक्रम तुझ्याच शहरात आहे, तिकीट महाग आहे, आणि मित्र म्हणतोय की यूट्यूबवर तिचं सगळं पडलंय, हेडफोन लाव आणि ऐक, लाइव्हमध्ये अर्धा वेळ तर तंबोरे लावण्यातच जातो. जावं का, आणि गेलं तर बसावं कुठे, असं विचारलंयस.

जा. पैसे नसतील तर उसने घे पण जा.

खरं तर मी इथे उत्तरं लिहीत नाही, नुसती वाचते, पण ते तंबोऱ्यांचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य, अगदी याच शब्दांत, आमच्या घरात माझे मोठे दीर वर्षानुवर्षं बोलत आलेत, आणि दर वेळी जेवणाच्या ताटावर असल्यामुळे मला ते अर्धवट सोडून द्यावं लागलंय. आज पूर्ण लिहिते.

मी किशोरीताईंची, म्हणजे गायिका किशोरी आमोणकरांची, माणूस आहे. लहानपणी आमच्याकडे 'जाईन विचारित रानफुला' आणि 'अवघा रंग एक झाला' रेडिओवर लागलं की आई गॅस बारीक करायची, तिथपासूनची. कॉलेजात असताना त्यांच्या भूप रागाची कॅसेट हातात आली, 'प्रथम सुर साधे' आणि मग 'सहेला रे', आणि ती मी इतकी ऐकली की कुठे श्वास घेतलाय, कुठे तबलेवाला थोडा पुढे येतो, सगळं पाठ झालं. मला वाटायचं मला भूप कळला. तर नव्वदच्या दशकात, माझं नवीन लग्न झालेलं, पार्ल्याला ताईंची संध्याकाळची मैफल होती आणि आम्ही घरातले चौघं गेलो, मी, हे, जाऊबाई आणि भाऊजी. भाऊजींना गाण्याची आवड आहे, हे मी मुद्दाम सांगते, ते काही औरंगजेब नव्हेत, त्यांनी तेव्हा नुकतीच भारी म्युझिक सिस्टम घेतली होती, माणसाच्या कमरेएवढे स्पीकर, एलपी, म्हणजे गाण्याच्या मोठ्या तबकड्या, मऊ फडक्याने पुसून लावायचे, आणि त्यांचं ठाम मत होतं की स्टुडिओत जे रेकॉर्ड होतं तेच कलाकाराचं बेस्ट, बाकी हॉलमध्ये खोकणारे, रडणारी पोरं आणि खराब माईक.

पडदा उघडला. दोन तंबोरे, पेटी, तबला, मांडीवर स्वरमंडल. आणि ताई तंबोरे लावायला लागल्या. म्हणजे तंबोरे आत लावून आणलेलेच असतात, पण स्टेजवरच्या दिव्यांच्या उष्णतेने तारा सैल पडतात, एसीच्या गारव्याने चढतात, त्यामुळे ते परत लावावेच लागतात, हे कुणाही गाणाऱ्याला विचार. पण ताईंचं लावणं म्हणजे नुसतं परत जुळवणं नव्हतं. एक तार, मग मणी किंचित सरकवायचा, मग जवारीचा दोरा, तारेखालचा, ज्याने तार घुमते तो, अगदी केसभर हलवायचा, मग डोळे मिटून ऐकायचं, मान हलवायची, परत पहिल्यापासून. मागच्या शिष्येकडे बघायच्याही नाहीत, नुसता हात करायच्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली, हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली, माझ्या मागे कुणीतरी वेफर्सचं पाकीट फोडलं, आणि भाऊजी माझ्याकडे वाकून म्हणाले, "एवढ्या वेळात घरी एलपीची एक अख्खी बाजू ऐकून झाली असती."

मी काही बोलले नाही. नवी सून होते.

आणि मग ते झालं. खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची, तार आणि जोडीच्या तारा एका क्षणी अशा मिळाल्या की हॉलमध्ये गंधार, म्हणजे ग, ऐकू यायला लागला. कुणी वाजवत नव्हतं, कुणी गात नव्हतं. तंबोऱ्यात गंधाराची तारच नसते, पंचम, जोड आणि खर्ज, एवढंच. पण तंबोरा खरा लागला आणि जवारी खुली असली की षड्जाच्याच, म्हणजे सा च्याच, पोटातून गंधार आपोआप उमटतो, स्वयंभू गंधार म्हणतात त्याला, पुस्तकात मी वाचलं होतं, पण ते खरंच कानाला ऐकू येतं हे मला माहीत नव्हतं. मी ह्यांचा हात घट्ट धरला. आणि ताईंनी त्याच क्षणी आवाज लावला. षड्ज लावला, त्यावरून गंधारावर आल्या आणि तो गंधार तिथे आधीच होता. त्यांनी फक्त त्यात आवाज मिसळला, असं वाटलं की दिवा आधीच लागलेला होता आणि त्यांनी वात पुढे सारली.

आता बघ, भूप म्हणजे पाच स्वर, सा रे ग प ध, संपलं. तेच पाच स्वर देसकार रागाला. फरक कुठे, तर भूपाचा जीव गंधारात आणि देसकाराचा धैवतात. भूप गाताना धैवतावर जरा जास्त रेंगाळलात की देसकार डोकावतो. मग ज्या रागाचा सगळा जीव गंधारात आहे तो गाणारी बाई, तो गंधार तंबोऱ्यातून बोलेपर्यंत थांबणार नाही तर काय करणार? ती पंधरा मिनिटं वाया गेली नव्हती, भूप त्या पंधरा मिनिटांतच सुरू झाला होता. हे मी भाऊजींना आजपर्यंत किती तऱ्हेने सांगितलंय. ते म्हणतात, मग बॅकस्टेजला करा ना. अहो, पण हवा स्टेजवरची वेगळी, माणसांनी भरलेला हॉल वेगळा, तिथे बसूनच ते करावं लागतं!

पुढचं मी नीट सांगू शकणार नाही, पण एक सांगते. कॅसेट मला पाठ होती त्यामुळे मनात मी पुढची जागा आधीच म्हणत होते, आणि ताई तिथे गेल्याच नाहीत. जिथे मी पंचमाची वाट बघत होते तिथे त्या रिषभावर उतरल्या आणि तिथेच राहिल्या, आणि परत गंधाराकडे बघितल्यासारखं करून षड्जावर आल्या. मग तीच जागा दुसऱ्यांदा, वेगळ्या वाटेने. मला तेव्हा कळलं की कॅसेटमधला भूप हा त्या दिवशीचा भूप होता. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावतात, जास्त ओढूनताणून अजून थोडी, म्हणजे कलाकाराने घड्याळ बघूनच राग मांडायचा. इथे त्यांना कुणी घड्याळ दाखवत नव्हतं. त्यांच्या पुढे आम्ही होतो आणि आमच्यातला कोण ऐकतोय आणि कोण नाही हे त्यांना कळत होतं हे मी शपथेवर सांगते, कारण हॉल शांत झाला तसतसा आवाज आणखी आत आत जायला लागला. वेफर्सवाला पण गप्प झाला होता.

मध्यंतरात बाहेर बटाटेवडा खाताना भाऊजींनी दुसरा मुद्दा काढला, आणि तोच खरा आमच्या भांडणाचा. म्हणाले गातात चांगल्याच, पण मिजास बघ. लोक पैसे देऊन आलेत आणि ह्या एकदाही लोकांकडे बघून हसल्या नाहीत.

हे 'मिजास' प्रकरण तू नेटवर पण वाचलं असशील, ताई प्रेक्षकांना झापायच्या, कुणी हललं-बोललं तर गाणं थांबवायच्या वगैरे. हो, त्या कडक होत्या. पण कुठून आला तो कडकपणा हे कुणी बघत नाही. मोगूबाई कुर्डीकर, त्यांची आई, गोव्यातल्या कुर्डी गावची, थोर गवई अल्लादिया खाँसाहेबांची शिष्या, नवरा लवकर गेला, पदरात तीन मुलं, आणि गाऊन घर चालवलं. किशोरीताई लहानपणी आईच्या मागे तंबोरा घेऊन बसायच्या आणि गाणाऱ्या बाईला आयोजक कसे वागवतात, कुठल्या डब्यातून प्रवास करायला लावतात, कुठे उतरवतात हे सगळं त्यांनी डोळ्यांनी बघितलं. पुढे मुलाखतींत त्यांनी ते सांगितलंय, की तेव्हाच ठरवलं होतं, आपण मान मिळाल्याशिवाय गायचं नाही. त्याला तुम्ही मिजास म्हणता. हेच एखाद्या खाँसाहेबांनी केलं असतं तर म्हणाला असतात काय रुबाब आहे, उस्ताद आहेत. बाई असली की मिजास. मी हे भाऊजींना तोंडावर बोलले, पण फार नंतर, माझी मुलगी दहावीला गेली तेव्हा कुठे, आणि ते त्या दिवशी गप्प बसले होते पण पटलं असं काही म्हणाले नाहीत.

आणि 'पैसे देऊन आलोय' हे तर मला अजिबातच सहन होत नाही. तिकिटाने खुर्ची मिळते. ताई सरळ म्हणायच्या की गाणं हे मनोरंजन नाही, आणि त्या तसं जगल्या, रागातला भाव नेमका कसा उभा राहतो यावर 'स्वरार्थरमणी' एवढा ग्रंथ लिहिला त्यांनी, नुसतं बोलून सोडलं नाही. २००२ ला पद्मविभूषण मिळालं तरी तंबोरा लावायचा वेळ काही कमी झाला नाही.

आता तुझ्या मित्राच्या हेडफोनबद्दल. मोबाइलच्या स्पीकरला तर खर्ज नीट येतच नाही, हेडफोनला येतो, पण बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये तंबोरा मागे ढकललेला असतो, आवाज पुढे. म्हणजे ज्या जमिनीवर ती बाई उभी आहे ती जमीनच तुला दिसत नाही. आणि यूट्यूबवर आपण काय करतो, आलाप कंटाळवाणा वाटला की बोटाने पुढे सरकवतो. हॉलमध्ये ते करता येत नाही. मला तर वाटतं लाइव्हचा सगळ्यात मोठा फायदा हाच, की पुढे सरकवता येत नाही.

हां, आता हेही सांगायला हवं, की मी रेकॉर्डिंगच्या विरोधात नाही. ३ एप्रिल २०१७ ला ताई गेल्या, त्यानंतर माझ्याकडे तरी दुसरं काय आहे? रोज सकाळी ऐकते. आणि प्रत्येक लाइव्ह मैफल जमतेच असंही नाही, साउंडवाल्याने एको वाढवून ठेवला की वाट लागते, कधी कलाकाराची तब्येत बरी नसते. तुझी गायिका कोण ते तू लिहिलं नाहीस, त्यामुळे ती कशी गाते ते मला सांगता येणार नाही. पण जमली नाही तरी जा, मैफल न जमणं म्हणजे काय हे पण कळायला पाहिजे.

बसायचं म्हणशील तर पहिल्या रांगेचा हट्ट नको, तिथे स्पीकरचा आवाज बाजूने मारतो, मधल्या भागात पाचवी-सहावी रांग मिळाली तर उत्तम, आणि स्पीकरच्या खांबासमोर अजिबात नाही. पुण्यात सवाईला, म्हणजे सवाई गंधर्व महोत्सवाला, जाणार असशील कधी तर भारतीय बैठकीचं तिकीट काढ, स्वस्त पडतं आणि जाणकार पण तिथेच सापडतात, डिसेंबरची थंडी असते, शाल ने. कार्यक्रमाच्या आधी तिचे राग घोकून जाऊ नकोस, मी गेले तशी कॅसेट पाठ असली तरी चालते पण नसली तरी काही अडत नाही. मोबाइल बंद. सायलेंट नाही, बंद, आणि रेकॉर्ड करायला तर बाहेरच काढू नकोस, अंधारात तो उजेड मागच्या चार रांगांना दिसतो. वेळेआधी पोच, तंबोरे लागताना आत असायला पाहिजेस. मित्राला पण घेऊन जा आणि ते लागत असताना त्याला बोलू देऊ नकोस, हवं तर मध्यंतरात भांडा. आणि ऑनलाइन तिकीट काढताना ती सीट खांबामागची नाही ना एवढं बघून घे, फोटोत ते कळत नाही, थिएटरवर फोन करून विचारलेलं बरं.