अल्बट्रॉस: गळ्यातला, गोल्फमधला आणि समुद्रावरचा

एका इंग्रजी अग्रलेखात जुन्या कर्जाला ‘कंपनीच्या गळ्यातला अल्बट्रॉस’ म्हटलंय. मराठीत काय लिहावं?

‘गळ्यातलं लोढणं’. शब्दशः लिहिलंत तर वाचक बुचकळ्यात पडेल. संदर्भ इंग्रजी कवी कोलरिजच्या १७९८ च्या दीर्घकवितेचा आहे. जहाजाला शुभ मानलेला अल्बट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी एक खलाशी विनाकारण बाणाने मारतो. पुढे वारा पडतो, प्यायला पाणी उरत नाही आणि सोबती तो मेलेला पक्षी त्याच्याच गळ्यात अडकवतात. म्हणजे हे ओझं स्वतःच्या करणीचं. लोढण्यात तो दोष येत नाही. ते ओढाळ गुराच्या गळ्यात मालक बांधतो. म्हणून लेखाचा रोख पाहा. कर्ज आधीच्या मंडळींनी मागे ठेवलं असेल तर लोढणं पुरे. आताच्याच संचालकांनी हौसेने काढलं असेल, तर ‘हाताने गळ्यात बांधून घेतलेली धोंड’ जास्त नेमकं. ‘पांढरा हत्ती’ नको. त्यात पोसण्याचा खर्च येतो, अपराध येत नाही.

गोल्फमध्ये पार-३ होलवर पहिल्याच फटक्यात चेंडू आत गेला. हा अल्बट्रॉस का?

नाही, तो ईगल. पार म्हणजे त्या होलसाठी ठरलेले फटके; ईगल म्हणजे पारपेक्षा दोन कमी. अल्बट्रॉसला तीन कमी लागतात: पार-५ होल २ फटक्यांत किंवा पार-४ होल एकाच फटक्यात. अमेरिकन गोल्फपटू जीन सॅराझेनने १९३५ च्या मास्टर्स स्पर्धेत पंधराव्या, पार-५ होलवर तो साधला होता. अमेरिकन लोक याला ‘डबल ईगल’ म्हणतात आणि घोळ तिथेच होतो, कारण ईगलची दुप्पट चार होते. चार कमी म्हणजे कॉन्डर.

मालवणच्या किनाऱ्यावर अल्बट्रॉस दिसेल का?

ती आशा धरू नका. भटक्या अल्बट्रॉसच्या पंखांचा पसारा साडेतीन मीटरपर्यंत जातो. इतके लांब पंख तासन्‌तास फडफडवणं परवडणारं नाही, म्हणून तो वाऱ्यावरच जगतो. पाण्यालगत वारा मंद, वर जोरदार. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून वर चढतो, वळतो, वाऱ्याबरोबर खाली झेपावतो आणि या फरकातून वेग कमावतो. खांद्यातला स्नायुबंध पंख ताणलेला धरून ठेवतो. विषुववृत्ताजवळच्या शांत पट्ट्यात ही युक्ती चालत नाही. हिंदी महासागरात त्याची वीण दूर दक्षिणेला, क्रोझे आणि केर्गेलेन बेटांवर होते. कोकणात हिवाळ्यात दिसतात ते बहुधा कुरव; पावसाळी वादळानंतर मोठा काळा-पांढरा पक्षी आढळला, तर आधी बूबी हा दुसरा समुद्रपक्षी आहे का ते तपासा. चोचीच्या दोन्ही बाजूंना नळीसारख्या नाकपुड्या असतील तरच पुढचा विचार करा.

नौदलाच्या अल्बट्रॉसचा गोव्याशी काय संबंध?

ते ३१२ क्रमांकाच्या हवाई तुकडीचं नाव. लांब पल्ल्याची सागरी टेहळणी हे तिचं काम. ती आधी गोव्यात दाबोळीला होती. आता तमिळनाडूत अरक्कोणमला आहे आणि पी-८आय ही टेहळणी विमानं उडवते.